क्लास न लावता जर्मन-जपानी शिकताना

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी चाकणच्या एका कारखान्यात इंटर्नशिप करत होतो. जपानहून एक पाहुणे आले होते. पन्नाशीचे, किडकिडीत, सदा घाईत. दुपारी जेवणानंतर कॉरिडॉरमध्ये मी एकटाच दिसलो, तसे थांबले आणि म्हणाले, "सुमिमासेन, तोइरे वा दोको देसु का?" टॉयलेट कुठे आहे? वाक्य लख्ख कळलं. कळायलाच हवं होतं, कारण मोबाइलमधल्या ॲपवर माझे सलग २१२ दिवस पूर्ण झाले होते आणि मित्रांत मी 'जपानी येणारा' म्हणून मिरवत होतो. उत्तरही एवढंसंच होतं: वरचा मजला, उजवीकडे. उजवीकडे म्हणजे 'मिगि'. चार पर्याय समोर आले असते तर झोपेतही बोट बरोबर ठिकाणी गेलं असतं. इथे पर्याय नव्हते. मी तोंड उघडलं, मिटलं आणि जिन्याकडे हात केला. पाहुणे मान लववून निघून गेले. 'मिगि' मला आठवलं ते संध्याकाळी, कंपनीच्या बसमध्ये, नाशिक फाट्यापाशी.

कॉरिडॉर ते नाशिक फाटा हे अंतर का पडतं आणि ते कमी कसं करायचं, एवढंच इथे सांगायचं आहे.

पुण्यात परकी भाषा शिकायची तर पत्ते ठरलेले होते: फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट, बोट क्लब रस्त्यावरचं मॅक्स म्युलर भवन आणि पेठांपासून कोथरूडपर्यंतचे घरगुती क्लास. हे पत्ते आजही आहेत. पण प्रॅक्टिकल संपवून बॅच गाठायची म्हणजे धावपळ, आणि फी घरी मागायची म्हणजे आधी चार दिवस मनाची तयारी. जळगाव, नांदेड, रत्नागिरीच्या कॉलेजातल्या मुलामुलींना तर निवडायलाही फारसं काही नसतं. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत करार केला. त्यानंतर 'दादा, जर्मन कुठून सुरू करू?' हे मेसेज मला तालुक्याच्या गावांमधूनही येऊ लागले. आता मी जर्मन तांत्रिक कागदपत्रांचं भाषांतर करतो, म्हणून मला विचारतात. जर्मन मी क्लास लावून शिकलो आणि जपानी फोनवर. त्यामुळे दोन्हीकडच्या खोड्या ठाऊक आहेत.

तोंडओळख आणि ओळख

भाषेचा एखादा शब्द 'येतो' म्हणजे काय? डोक्यात दोन वेगळी कामं चालतात. समोर आलेला शब्द ओळखणं हे एक. काहीही समोर नसताना तो आतून उचलून आणणं हे दुसरं. पहिल्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे, तोंडओळख. रोज बसमध्ये दिसणारा माणूस आपण लगेच ओळखतो, पण त्याचं नाव विचारलं तर गप्प बसतो. भाषा शिकवणारी बहुतेक ॲप्स तोंडओळख फार छान करून देतात. पर्याय निवडा, जोड्या लावा, विस्कटलेले शब्द नीट लावा, या सगळ्यांत उत्तर पडद्यावरच असतं. ते शोधायचं असतं, आठवायचं नसतं. त्याचं कारणही सरळ आहे. पर्यायी उत्तरं यंत्राला तपासायला सोपी जातात आणि शिकणाऱ्यालाही पटापट यश मिळाल्याचं समाधान देतात.

आठवण्याचा फायदा किती, हे २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर मोजून दाखवलं. एक उतारा दिला. काहींनी तो दोनदा वाचला, तर काहींनी एकदा वाचून मग कागद बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६. गंमत अशी की त्यांच्या पुढच्या प्रयोगात पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्याला जास्त आठवेल याची खात्री जास्त होती. परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स चार वेळा वाचून 'झालं माझं' म्हणणारा रूममेट प्रत्येकाला आठवेल.

आपल्याकडे हे कोणी शोधून काढावं लागलं नव्हतं. दिवेलागणीला परवचा म्हणायला बसवायचे ती आठवण्याचीच तालीम होती. पुस्तक मिटलेलं आणि पाढे मोठ्याने. फक्त परवच्यातही एक मेख होती. 'सात एके सात' पासून सुरू केलं की गाडी सुसाट, पण आजोबांनी मधूनच 'सात अठ्ठे?' विचारलं की आपण मनात पहिल्यापासून पळत यायचो. भाषेतही असंच होतं. ठरलेल्या धड्यात, ठरलेल्या क्रमाने शब्द येतात, पण कॉरिडॉरमध्ये कोणीतरी मधूनच 'सात अठ्ठे' विचारतं.

यावर मला सापडलेला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तळहात. ॲपवर प्रश्न आला की पर्यायांवर हात ठेवायचा, उत्तर मोठ्याने म्हणायचं, मग हात काढायचा. धडा दुप्पट वेळ घेतो. पहिल्या दोन दिवसांत आपल्याला खरं किती येतं ते कळतं आणि मूड जातो. तो जाऊ द्यावा.

विसरण्याचं वेळापत्रक

दुसरी गोष्ट म्हणजे विसरणं. १८८५ मध्ये हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने याचा पहिला पद्धतशीर अभ्यास छापला. प्रयोगाला माणूस एकच, तो स्वतः. निरर्थक अक्षरजोड्यांच्या याद्या पाठ करायच्या आणि किती वेळाने किती उरतं ते मोजायचं. त्याला दिसलं ते असं: सुरुवातीला विसरणं भसाभस होतं, मग त्याचा वेग मंदावतो. यातून पुढे निघालेली कल्पना सोपी आहे. शब्द निसटायच्या बेताला आला की त्याला हाक मारायची. प्रत्येक हाकेनंतर तो जास्त दिवस टिकतो, म्हणून पुढची हाक जास्त उशिरा.

१९७२ मध्ये झेबास्टियान लाइटनर या लेखकाने यासाठी कप्प्यांची पेटी सुचवली. उत्तर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं तर परत पहिल्यात. १९८७ मध्ये पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाकने हेच काम संगणकाला शिकवलं. २००६ मध्ये आलेल्या 'अँकी' या फुकट प्रोग्रॅमने त्याचीच पद्धत थोडी बदलून घेतली. नाव जपानी आहे, अर्थ पाठांतर. अलीकडे त्यात नवी गणितंही आली आहेत, पण गाभा कळायला जुनं पुरेसं आहे.

एक कार्ड घेऊ. पुढे लिहिलंय 'किल्ली', मागे 'डेअर श्ल्युसल'. वोझ्नियाकच्या मूळ हिशोबाप्रमाणे पहिली उजळणी १ दिवसाने, दुसरी त्यानंतर ६ दिवसांनी. तिथून पुढे दर वेळी आधीच्या अंतराला साधारण अडीचने गुणायचं: १५ दिवस, मग ३८, मग ९५. म्हणजे पाच उजळण्यांत पाच महिने निघाले, आणि प्रत्येक उजळणीला लागले दहा-बारा सेकंद. मध्ये एकदा चुकलं की कार्ड पुन्हा १ दिवसावर.

कार्ड कोणत्या बाजूने वाचायचं यावर मात्र सगळं अवलंबून आहे. 'श्ल्युसल' पाहून 'किल्ली' म्हणणं ही परत तोंडओळखच झाली. मराठी पाहून जर्मन म्हणा, आणि लिंगासकट म्हणा, म्हणजे पुढच्या 'डेअर'सकट. दुसऱ्यांनी बनवलेली हजारो कार्डांची तयार गठ्ठी डाउनलोड करायचा मोह सगळ्यांनाच होतो. मलाही झाला होता. त्यात 'दूतावास' होता, 'अर्थसंकल्प' होता; पाण्याची बाटली मागायचं वाक्य नव्हतं.

आता यातली खरी अडचण, जी कॉलेजच्या मुलांना हमखास येते. रोज २० नवी कार्डं घेतली की काही आठवड्यांत रोजच्या उजळण्या दीडशे-दोनशेवर जातात, कारण जुन्यांची पाळी येतच राहते. तोवर येते सेमिस्टर परीक्षा. तीन आठवडे ॲप उघडलं जात नाही. मग एका रात्री उघडावं तर वर आकडा दिसतो, १,७००. बहुतेक जणांचं जपानी नेमकं याच रात्री संपतं. आकडा पाहून लोक ॲप काढून टाकतात आणि 'मला भाषा जमत नाही' असं जाहीर करतात. जमत नाही ते भाषेचं नसतं, गुणाकाराचं असतं. अशा वेळी नवी कार्डं शून्यावर आणायची, रोज शंभरचीच मर्यादा घालायची आणि ढिगाकडे पाहायचं नाही. तीनेक आठवड्यांत तो उतरतो. आणि पुढच्या वेळी परीक्षेच्या महिनाभर आधीपासूनच नवी कार्डं बंद. रोज २० ऐवजी ८ घेतली असती तर ढीगच झाला नसता, हे मला फार उशिरा कळलं.

पंधरा मिनिटांचा हिशोब

'रोज फक्त १५ मिनिटं' ही जाहिरात खोटी नाही, अर्धी आहे. उरलेला अर्धा भाग वहीवर मांडून बघू.

युरोपात भाषेच्या पातळ्या ए-१ ते सी-२ अशा सहा मानतात. युरोप परिषदेने ही चौकट २००१ मध्ये प्रसिद्ध केली. रोजच्या व्यवहारात स्वतःचं स्वतः निभावता यावं अशी पातळी म्हणजे बी-१. तिथे पोहोचायला शून्यापासून ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात, असा गोएथे संस्थेचा अंदाज आहे. तासांत सांगायचं तर साधारण २६० ते ४९०. रोज १५ मिनिटं म्हणजे वर्षाला ९१ तास. म्हणजे बी-१ ला साधारण तीन ते सव्वापाच वर्षं, तीही एकही दिवस न चुकवता आणि ती पंधरा मिनिटं क्लासइतकी दाट असतील असं धरून. रोज तासभर दिला तर हेच काम साधारण नऊ ते सोळा महिन्यांत होतं.

जपानीचं गणित आणखी मोठं. अमेरिकेची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. इंग्रजी बोलणाऱ्याला कामकाजाच्या पातळीवर जायला स्पॅनिशसाठी ६०० ते ७५० तास धरतात आणि जपानीसाठी २,२००. यातला बराच वेळ कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी चिन्हं, खातात. रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजींची सरकारी यादीच २,१३६ चिन्हांची आहे.

हे घाबरवायला नाही लिहिलं. पहिल्या वर्षाला असताना बी-१ चा आकडा माहीत असेल तर चौथ्या वर्षापर्यंत आरामात गाठता येतो. शेवटच्या सेमिस्टरला 'सहा महिन्यांत बी-२' असली पोस्टर्स बघून पळापळ करावी लागत नाही.

ॲपमध्ये सलग दिवस मोजणाऱ्या आगीच्या चिन्हाबद्दल इथेच सांगून टाकतो. तो आकडा म्हणजे हजेरी. ८० टक्के हजेरी असणारा मुलगा विषयात हुशार असतोच असं कोणी म्हणत नाही, मग इथे आपण का फसतो? १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग झाला. चित्रं काढायची आवड असलेल्या काही मुलांना आधी सांगून चित्रांबद्दल बक्षीस दिलं, बाकीच्यांना असं काही कबूल केलं नाही. पुढे मोकळ्या वेळात बक्षीस ठरवून मिळालेली मुलंच रंगांकडे कमी वळली. गुणांसाठी केलेलं काम गुण मिळेपर्यंतच टिकतं. मी स्वतः रात्री ११:५५ ला सगळ्यात सोपा, चार वेळा झालेला धडा करून दिवस वाचवलेला आहे. २१२ पैकी किमान ६० दिवस असले असतील. सवय लागायला आकडा चांगला, त्याबद्दल तक्रार नाही. पण मोजायचंच तर मिनिटं मोजा, आणि त्यातली तोंड उघडून बोललेली मिनिटं वेगळी.

मराठीतून गेलं तर रस्ता जवळचा

या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण हे ॲप सांगत नाही. जर्मन-जपानीचे बहुतेक ऑनलाइन कोर्स इंग्रजीतून शिकवतात. त्यामुळे इंग्रजी माणसाला जे अवघड, ते आपल्यालाही अवघड म्हणूनच समजावलं जातं. वस्तूंना लिंग असतं हे पचवायला इंग्रजी माणसाला दोन धडे लागतात. आपण तर 'तो चमचा, ती सुरी, ते ताट' म्हणतच मोठे झालो. जर्मनमध्येही तीन लिंगं: डेअर, डी, डास. एवढंच नाही, विशेषणही मराठीसारखं बदलतं. 'चांगला चमचा' म्हणजे 'आइन गुटर ल्योफेल', 'चांगली किटली' म्हणजे 'आइने गुटे काने' आणि 'चांगलं घर' म्हणजे 'आइन गुटेस हाउस'. चांगला-चांगली-चांगलं, गुटर-गुटे-गुटेस. व्याकरणाच्या पुस्तकात यासाठी पानभर तक्ते असतात. विभक्त्या बदलल्या की ते तक्ते लागतातही, पण पहिली ओळ आपल्या घरचीच आहे.

लिंगं जुळतील असं मात्र समजू नका. किल्ली आपल्याकडे ती, तिकडे तो. चंद्र दोन्हीकडे पुरुष, पण सूर्य तिकडे बाई आहे. आणि मुलगी, म्हणजे 'मेडशेन', चक्क नपुंसकलिंगी. यावर इंग्रजीत विनोद होतात. मराठी माणसाला त्यात विशेष काही वाटू नये, कारण आपणही 'पोरगं', 'लेकरू', 'पिल्लू' म्हणतोच. लहान, लाडकं ते नपुंसकलिंगी ही आपलीही रीत आहे, आणि 'मेडशेन'मधला 'शेन' हा लघुत्वाचाच प्रत्यय आहे.

वाक्यरचनेचंही तेच. '...वाइल इश इन डॉइचलांड श्टुडीरेन म्योश्टे' या जर्मन वाक्यांशात शब्द या क्रमाने येतात: कारण – मी – जर्मनीत – शिकू – इच्छितो. एकही शब्द हलवावा लागत नाही. 'कारण'नंतर क्रियापद शेवटी जातं हा नियम इंग्रजीतून पाठ करायला मला आठवडा लागला होता. हे एक वाक्य मराठीशेजारी लिहिल्यावर एका मिनिटात सुटला. साध्या वाक्यात मात्र जर्मन क्रियापद दुसऱ्या जागी बसतं, तिथे मराठी सोडावी लागते.

जपानीत तर मजाच आहे. तिथे क्रियापद शेवटी आणि शब्दामागे प्रत्यय, आपल्या विभक्तीसारखे. 'तोशोकान दे होन ओ योमिमासु' म्हणजे ग्रंथालयात पुस्तक वाचतो. 'दे' म्हणजे आपला 'त'. त्याहून गोड म्हणजे जोडक्रियापदं. 'ताबेते' म्हणजे खाऊन, 'मिरु' म्हणजे बघणं. 'ताबेते मिमासु'? खाऊन बघतो. 'ओकु' म्हणजे ठेवणं, आणि 'कात्ते ओकिमासु' म्हणजे विकत घेऊन ठेवतो. दोन भाषांचा एकमेकींशी काही नातेसंबंध नाही, तरी 'करून बघणं' आणि 'करून ठेवणं' दोघींना सुचलं. वाक्याच्या शेवटी होकार मागणारा 'ने' सुद्धा आपला 'ना' आहे: 'अत्सुइ देसु ने', उकडतंय ना!

म्हणून कार्डाच्या पुढच्या बाजूला मराठी वाक्य लिहा, इंग्रजी नको. आणि उच्चार सुरुवातीला देवनागरीत लिहून ठेवायला लाजू नका; जपानीचे आ-इ-उ-ए-ओ देवनागरीत बऱ्यापैकी बसतात. आठवड्या-दोन आठवड्यांत मात्र ती कुबडी टाकून हिरागाना या जपानी लिपीवर या.

चूक कोण सांगणार?

फ्रान्समधल्या नांसीच्या विद्यापीठात १९७० च्या दशकात प्रौढांना स्वतःचं स्वतः भाषा शिकायला मदत करणारं एक केंद्र होतं. ॲप नव्हती, कॅसेट होत्या. तिथल्या आंरी होलेक यांनी युरोप परिषदेसाठी लिहिलेल्या अहवालात स्वतंत्र शिकणाऱ्याची कामं नोंदवली: काय साधायचं ते ठरवणं, कोणता मजकूर कोणत्या क्रमाने घ्यायचा, कोणती पद्धत वापरायची, काम कसं चाललंय यावर लक्ष ठेवणं आणि शेवटी काय आलं ते तपासणं. क्लासमध्ये ही सगळी कामं बाई गुपचूप करत असतात. आपण बाकावर बसून फक्त शिकत असतो. घरी एकट्याने शिकायचं म्हणजे अर्धा वेळ विद्यार्थी आणि अर्धा वेळ बाई व्हायचं. यातली पहिली तीन कामं ॲप बऱ्यापैकी उचलतं. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोस वेग' हा फुकट व्हिडिओ कोर्स ए-१ ते बी-१ असा नीट चढत जातो, आणि जपान फाउंडेशनचं 'मिनातो' हेच जपानीसाठी करतं. या दोन्हींनी सुरुवात करा म्हटलं की बहुतेकांचा 'कोणतं ॲप चांगलं' हा प्रश्न संपतो. शेवटची दोन कामं मात्र आपल्याच गळ्यात राहतात.

बोलल्याशिवाय बोलता येत नाही, हे ऐकायला फारच उघड वाटतं. पण कॅनडात इंग्रजी घरांतली मुलं शाळेचे विषय फ्रेंचमधून शिकत होती, तेव्हा अशी आशा होती की ऐकून ऐकून फ्रेंच आपोआप येईल. वर्षानुवर्षं ऐकून मुलांना समजायला उत्तम लागलं, पण बोलण्या-लिहिण्यात चुका राहिल्याच. त्यावरून भाषाशास्त्रज्ञ मेरिल स्वेन यांनी मांडलं की वाक्य स्वतः बनवायला लागलं की मगच आपल्याला काय येत नाही ते दिसतं. ऐकताना अर्थ अंदाजाने लागतो. बोलताना 'डेअर' की 'डास' हे ठरवावंच लागतं.

नुसती बडबडही पुरत नाही. रिचर्ड श्मिट या भाषाशास्त्रज्ञांनी हवाईत राहणाऱ्या एका जपानी चित्रकाराचं इंग्रजी तीन वर्षं टिपलं. गडी गप्पिष्ट, मित्र भरपूर, संवादात कुठे अडत नव्हता. व्याकरण मात्र जवळपास होतं तिथेच. लोकांना त्याचं म्हणणं कळत होतं, मग चूक दाखवणार कोण आणि कशाला?

आज चूक दाखवायला चॅटबॉट आहे, आणि लेखनासाठी तो खरंच उपयोगी आहे. पण क्रम महत्त्वाचा. 'घरमालकाला जर्मन पत्र लिहून दे' म्हटलं की सुंदर पत्र मिळतं आणि आपण होतो तिथेच राहतो. आधी आपलं वेडंवाकडं पत्र लिहायचं, मग सांगायचं: दुरुस्त करू नकोस, फक्त कोणत्या ओळीत चूक आहे ते सांग. चूक आपण शोधायची आणि मगच उत्तर बघायचं. त्याचं प्रत्येक स्पष्टीकरण खरं मानायचं नाही, कारण तो चुकतानाही तितक्याच ठामपणे बोलतो. शंका आली की शब्दकोश उघडायचा. बोलण्यासाठी मी फोनमध्येच दीड मिनिट रेकॉर्ड करतो: आज काय केलं, बस. दुसऱ्या दिवशी ऐकतो. स्वतःचा आवाज ऐकणं शिक्षाच आहे, पण 'अं... अं...' नेमकं कुठे येतं ते कळतं, आणि त्याच जागेचं कार्ड बनतं.

परीक्षेचं काय?

परीक्षा निवडताना ती काय तपासते ते बघा, कारण आपण तेवढंच शिकतो. जपानीची जेएलपीटी ही वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरमध्ये असते. एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्या. शब्द, व्याकरण, वाचन, श्रवण, सगळं पर्यायी. बोलणं नाही, लिहिणं नाही. म्हणजे तोंडओळखीवर बरीच मजल मारता येते, आणि एन-३ चं प्रमाणपत्र हातात असलेला उमेदवार मुलाखतीत अडखळतो. गोएथेच्या बी-१ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग, प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत. संभाषणात दुसऱ्या परीक्षार्थीबरोबर मिळून काहीतरी बेत ठरवायचा असतो. तिथे पर्यायांवर तळहात आधीच ठेवलेला असतो.

कॉलेजातच आहात तर केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सांचं 'स्वयम' पोर्टल बघा. त्यावर एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमाचे जर्मन आणि जपानीचे कोर्स येतात. नोंदणी फुकट, प्रत्यक्ष केंद्रावर परीक्षा द्यायची तर शुल्क. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून घेऊन त्याचे क्रेडिट मिळू शकतात. मात्र आपलं कॉलेज कोणता कोर्स मान्य करतं ते आधी विभागात विचारून घ्या. क्रेडिटपेक्षाही मोठा फायदा म्हणजे तारीख. हार्वर्ड आणि एमआयटीच्या मुक्त ऑनलाइन कोर्सांची आकडेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी कोर्स पूर्ण केला होता. फुकट आणि केव्हाही म्हटलं की बहुतेकांचं ते केव्हाच होत नाही.

चाकणच्या त्या प्रसंगानंतर मी घरी जाऊन वही काढली आणि कारखान्यात कोणीही विचारील अशी दहा वाक्यं लिहिली. कॅन्टीन कुठे, मीटिंग किती वाजता, वायफायचा पासवर्ड काय. उत्तरं जपानीत बनवली, रेकॉर्ड केली आणि खोलीवर येरझारा घालत म्हटली. रूममेटला वाटलं मुलगा कामातून गेला. त्यात एक मौल्यवान गोष्ट हाती लागली: जपानीत तळमजला हाच पहिला मजला, त्यामुळे आपला पहिला मजला म्हणजे 'नि-काइ', दुसरा. त्या दिवशी मी बोललो असतो तरी पाहुण्यांना चुकीच्या मजल्यावर पाठवलं असतं.

तेच पाहुणे चार महिन्यांनी परत आले. टॉयलेट त्यांना आता माहीत होतं. त्यांनी कॅन्टीन विचारलं. मी एका दमात म्हणालो, नि-काइ, जिना चढून डावीकडे, साडेबाराला उघडतं. ते थबकले, खुश झाले आणि काहीतरी लांबलचक, भराभर, हसत हसत बोलले. त्यातलं मला शेवटचं 'ने' तेवढं कळलं.